कॅटापल्टचा चेंडू समोरच आपटतो किंवा डोक्यावरून मागे जातो? रिलीज पॉइंट असा शोधा

डिसेंबर उजाडला की शाळांची विज्ञान प्रदर्शनं सुरू होतात, पाठोपाठ इंजिनिअरिंग कॉलेजांचे टेक-फेस्ट येतात, आणि माझ्याकडे कॅटापल्ट (रबरानं खेचलेल्या दांड्याच्या टोकावरच्या वाटीतून चेंडू फेकणारं मशीन) घेऊन मुलं यायला लागतात. मॉडेल दरवर्षी वेगळं असतं, तक्रार तीच: "काका, रबर दुप्पट केलं तरी अंतर वाढत नाही." बहुतेक वेळा ताकद पुरेशी असते. चेंडू नेमका कुठल्या क्षणी सुटतोय, म्हणजे त्याचा रिलीज पॉइंट, हे मात्र कोणी पाहिलेलं नसतं. दांड्याला अडवणारा स्टॉपर जिथे लावला तिथेच चेंडू सुटतो असं सगळे धरून चालतात, आणि घोळ तिथेच असतो.

म्हणून माझा आग्रह एकच आहे. चेंडू खरोखर कुठे सुटतोय हे आधी बघा. ते कळेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका.

आधी लक्षणं

चेंडू मशीनपासून थोड्या अंतरावर जमिनीत आपटतो: उशिरा सुटतोय.

चेंडू सरळ वर जातो, किंवा मागे उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येतो: लवकर सुटतोय.

कमान छान दिसते, पण अंतर कमी पडतं: कोन ठीक आहे, वेग मार खातोय.

एक फेक पाच मीटर, पुढची तीन, मग पुन्हा पाच: रिलीज पॉइंट दर फेकीला सरकतोय. हे सगळ्यात जास्त दिसणारं आणि सगळ्यात जास्त छळणारं दुखणं आहे. हे दुरुस्त झाल्याशिवाय कोन जुळवत बसण्यात काही अर्थ नाही, कारण कशामुळे काय बदललं ते कळणारच नाही.

चेंडू डावीकडे किंवा उजवीकडे जातो: याचा रिलीज पॉइंटशी फारसा संबंध नसतो. दोन बाजूंची रबरं असमान आहेत, दांडा ज्यावर फिरतो तो बोल्ट ढिला आहे किंवा चेंडू वाटीच्या मध्यावर बसत नाही. तिन्ही गोष्टी बघायला पाच मिनिटं लागतात.

चाचणी घेताना मशीनच्या पुढे आणि मागे, दोन्हीकडे कोणी उभं राहू देऊ नका. लवकर सुटलेला चेंडू मागेच येतो. डोळ्यांवर वर्कशॉपचा चष्मा हवाच. गच्चीवरून किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाचणी नको. सकाळचं मोकळं मैदान सगळ्यात बरं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा वाढतो आणि हलका चेंडू त्यात सहज वाहून जातो. मग दोष मशीनचा की वाऱ्याचा, ते सांगता येत नाही.

१. चेंडू आणि त्याची बैठक (खर्च शून्य)

एकच चेंडू घ्या. त्यावर पेनानं ठिपका करा आणि दर वेळी ठिपका वर ठेवून तो वाटीत बसवा. चेंडू वाटीच्या आतल्या कडेला टेकलाय की बाहेरच्या, एवढ्यानंही सुटण्याचा क्षण बदलतो.

वाटीत बोट फिरवून बघा. एकदा एका मॉडेलच्या वाटीत सेलोटेपचं टोक उलटं वळून राहिलं होतं, गोंदाची बाजू वर. टेबल टेनिसचा चेंडू तिथे किंचित चिकटायचा आणि मग सुटायचा. गोंदावर धूळ बसली की फेक लांब जायची, पुसून घेतलं की पुन्हा आखूड. मुलं तोवर रबर बदलत राहिली होती.

आणखी एक: टेबल टेनिसचा चेंडू ४० मिमी व्यासाचा आणि जेमतेम २.७ ग्रॅम वजनाचा असतो. हवा त्याला फार लवकर थोपवते. रबर वाढवूनही अंतर वाढत नसेल, तर आधी थोडा जड, घट्ट रबरी चेंडू लावून बघा. नियमात टेबल टेनिसचाच चेंडू असेल, तर पाठ्यपुस्तकातलं ४५ अंशांचं गणित त्याला तसंच लागू पडत नाही. त्याचा उत्तम कोन त्याहून खाली असतो.

२. पाया हलतोय का (एक वीट पुरते)

चारही पायांभोवती खडूनं रेघ मारा आणि पाच फेकी करा. पाय रेघेबाहेर गेले, तर दांडा स्टॉपरवर आदळताना अख्खं मशीन उचललं जातंय किंवा पुढे सरकतंय. रबरातली ऊर्जा चेंडूऐवजी चौकटीला मिळते, आणि चौकट जितकी झुकते तितका सुटण्याचा कोनही बदलतो. पायावर विटा किंवा वाळूची पिशवी ठेवा. "एक फेक पाच मीटर, एक तीन" या तक्रारीतली बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

३. चेंडू सुटताना बघा (फोन हवा)

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, आणि सगळं काही हिच्यावरच अवलंबून आहे.

समजा दांडा ३५ सेंमी लांब आहे आणि चेंडू सेकंदाला ७ मीटर वेगानं सुटतो. म्हणजे त्या क्षणी दांडा सेकंदाला सुमारे ११५० अंश या वेगानं फिरतोय. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये दांडा ३८ अंश पुढे निघून जातो. हवा तो क्षण नेमका मध्येच हरवतो. स्लो-मोशनमध्ये २४० चित्रं मिळतात, आणि तेव्हा फरक पाच अंशांच्याही आत येतो. नुसत्या डोळ्यांनी "मला दिसलं, उभ्या दांड्यावर सुटला" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

दांड्यामागे पुठ्ठा लावा आणि त्यावर बोल्ट केंद्र धरून दर ५ अंशांना रेघा ओढा. फोन बोल्टच्या उंचीवर, बरोब्बर बाजूला, जरा लांब ठेवा आणि झूम करा. जवळून तिरका घेतलेला व्हिडिओ कोन चुकीचा दाखवतो. उन्हात शूट करा. घरात ट्यूबलाइटखाली स्लो-मोशन घेतली की चित्र लुकलुकतं आणि चेंडूची कड दिसत नाही.

मग एकेक चित्र पुढे सरकवत जा. शोधायच्या दोन गोष्टी: दांडा स्टॉपरला टेकल्याचं पहिलं चित्र, आणि चेंडू व वाटीचा तळ यांच्यामध्ये उजेडाची बारीक फट दिसते ते पहिलं चित्र.

दोन्ही एकाच चित्रात किंवा लगोलग असतील, तर मशीन निरोगी आहे. फक्त स्टॉपरची जागा बदलायची आहे, पायरी ६ वर जा.

फट आधी दिसली, तर स्टॉपरचा काही उपयोगच होत नाहीये. वाटी चेंडूला ढकलायची थांबली की चेंडू सुटतो. रबर आपल्या मूळ लांबीवर येऊन सैल पडलं, की दांडा नुसता स्वतःच्या वेगावर फिरत राहतो आणि मंदावतो. चेंडू तिथेच वाटी सोडतो. अशा मशीनवर स्टॉपर दहा वेळा हलवला तरी काहीही बदलत नाही. उपाय सोपा आहे: रबराचं पुढचं टोक अशा जागी बांधा की दांडा स्टॉपरला टेकलेला असतानाही रबर थोडं ताणलेलंच राहील.

फट स्टॉपरला टेकल्यानंतर उशिरा दिसली, तर वाटी चेंडूला धरून ठेवतेय. पुढची पायरी बघा.

स्लो-मोशनची सोय नसेल तर कानांनी काम होतं. चेंडू पडतो तिथे पत्रा ठेवा आणि फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करा. स्टॉपरचा "ठक" आणि पत्र्याचा "टण्ण" यांच्यामधला वेळ ध्वनीच्या आलेखावर नीट मोजता येतो. अंतर टेपनं मोजा, सुटताना वाटी जमिनीपासून किती वर असते तेही मोजा, आणि हे करा:

आडवा वेग = अंतर ÷ वेळ
उभा वेग = (४.९ × वेळ) − (उंची ÷ वेळ)

उभ्या वेगाला आडव्यानं भागलं की सुटण्याच्या कोनाचा टॅन मिळतो (कॅलक्युलेटरवर tan⁻¹ दाबला की कोन येतो). उदाहरणार्थ अंतर ३.२ मीटर, वेळ ०.५ सेकंद, उंची ०.६ मीटर. आडवा वेग ६.४, उभा १.२५, टॅन ०.१९५, म्हणजे कोन फक्त ११ अंश. चेंडू जवळजवळ आडवाच चाललाय. याच वेगानं तो ४१ अंशांच्या आसपास सुटला असता तर ४.९ मीटरपर्यंत गेला असता. रबर तेच, दांडा तोच.

४. वाटी

खोल आणि चेंडूला घट्ट बसणारी वाटी त्याला उशिरा सोडते. पाण्याच्या बाटलीचं झाकण किंवा छोटी प्लास्टिकची वाटी वापरत असाल, तर तळाला भोक पाडा, म्हणजे हवा अडकत नाही. चेंडूचा साधारण तिसरा हिस्सा आत बसेल एवढी खोली मला योग्य वाटते. अगदी उथळ चमच्यात उलटा त्रास होतो: दांडा फिरताना चेंडू बाहेरच्या टोकाकडे घरंगळतो आणि वेळेआधीच निसटतो. तेव्हा फक्त बाहेरच्या बाजूला पुठ्ठ्याची छोटी कड लावा.

५. रबर

नवं रबर पहिल्या काही ताणांमध्ये नरम पडतं आणि मग स्थिरावतं. म्हणून नोंदी सुरू करण्याआधी ते चांगलं ताणून सोडून घ्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापत असाल तर सगळ्या एकाच ट्यूबच्या, एकाच रुंदीच्या घ्या. कडेला बारीक भेगा दिसल्या की पट्टी बदला, आणि रबर उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. प्रदर्शनाच्या दिवशी दुपारी अंतर घटलं, तर स्टॉपरला हात लावण्याआधी पट्टी बदलून बघा.

६. स्टॉपर कुठे हवा

आता खरा विषय. दांडा गोल फिरतो आणि चेंडू त्या वर्तुळाच्या स्पर्शरेषेनं निघतो, म्हणजे दांड्याशी काटकोनात. दांडा उभा असताना चेंडू सुटला तर तो आडवा जाणार. दांडा उभ्या रेषेच्या ४५ अंश मागे असताना सुटला तर ४५ अंशांनी वर जाणार. दांडा जितके अंश मागे, तितके अंश चेंडू वर. बहुतेक मुलं स्टॉपर उभ्या रेषेवर लावतात कारण ते डोळ्यांना बरोबर दिसतं, आणि चेंडू समोर आपटतो.

कोन किती हवा? सुटण्याची आणि पडण्याची उंची एकच असेल तर ४५. तुमचा चेंडू मात्र जमिनीपासून वर सुटतो आणि खाली पडतो, म्हणून उत्तर त्याहून कमी येतं. वेग ७ मीटर आणि उंची ०.६ मीटर असेल तर सुमारे ४२ अंश. वेग ५ आणि उंची ०.८ असेल तर ३८. टेबलावर मावणाऱ्या मशीनसाठी गणितातलं उत्तर याच पट्ट्यात येतं.

पण एवढ्यावर थांबू नका. स्टॉपर मागे घेतला की दांड्याला ढकलायला मिळणारं अंतर कमी होतं, चेंडूचा वेग घटतो. अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं: वेग ५ टक्के घटला तर अंतर जवळपास १० टक्के घटतं. कोनाचं तसं नाही. समान उंचीवर ४५ ऐवजी ४० अंशांनी फेकलं तर दीड टक्काच नुकसान होतं. ४५ च्या वर आणि खाली सारखंच सरकलं तर अंतरही सारखंच भरतं, हे गॅलिलिओनं १६३८ मध्येच मांडलं होतं. कोनाच्या शिखराभोवतीचा भाग सपाट आहे, वेगाची उतरण मात्र तीव्र आहे. त्यामुळे प्रत्यक्षात सगळ्यात लांब फेक गणितातल्या कोनापेक्षा थोड्या खालच्या कोनाला मिळते, बऱ्याचदा ३५ ते ४० च्या दरम्यान. दांड्याची सुरुवात आणखी खालून करता आली तर ढकलण्याचं अंतर परत मिळतं. चौकटीत तेवढी जागा असेल तर ते जरूर करा.

पद्धत अशी: स्टॉपर ५-५ अंशांनी हलवा, प्रत्येक जागी पाच फेकी करा, एकही फेक "चुकली" म्हणून वगळू नका. पाचांपैकी मधलं अंतर वहीत लिहा, सोबत व्हिडिओतला सुटण्याचा कोन. आलेख काढा. वर एक सपाट भाग दिसेल. त्यातली खालच्या कोनाची बाजू निवडा. चेंडू हवेत कमी वेळ राहतो आणि वाऱ्याचा त्रास कमी होतो. नेम धरायची स्पर्धा असेल तर कोन इथेच कायम ठेवा आणि अंतर रबर कमी-जास्त ओढून जुळवा. या भागात कोन दोन-तीन अंश हलला तरी फेक फारशी बिघडत नाही.

स्टॉपर बोल्टजवळ लावू नका, दांड्याच्या वरच्या भागाला टेकेल असा लावा. खाली लावला तर दांडा मधूनच मोडतो. त्यावर रबराचा पातळ तुकडा चालेल. जाड फोम लावला तर दांडा हळूहळू थांबतो आणि रिलीज पॉइंट पुन्हा पसरतो.

७. दांड्याचा बोल्ट

दांडा हातानं डावी-उजवीकडे हलवून बघा. खेळ असेल तर दोन्ही बाजूंना वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे ढिला न होणारा) लावा. नट एवढाच कसा, की दांडा उभा करून सोडला तर आपणहून खाली पडेल. लाकडात पाडलेलं भोक वापरून वापरून लंबगोल झालं असेल तर त्यात बुश (भोकात बसणारी छोटी नळी) किंवा ६०८ नंबरचं बेअरिंग बसवा. त्याचं आतलं भोक ८ मिमी आणि बाहेरचा व्यास २२ मिमी असतो. पुण्यात बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत वॉशर-नट सगळं मिळतं.

८. ट्रेबुशे असेल तर: खिळा आणि गोफण

ट्रेबुशे म्हणजे रबराऐवजी खाली पडणाऱ्या वजनावर चालणारं मशीन. त्यात स्टॉपर नसतो. ज्वारीची राखण करणारा माणूस गोफणीचं एक टोक बोटात अडकवतो, दुसरं चिमटीत धरतो आणि ऐन वेळी चिमूट सोडतो. ट्रेबुशेमध्ये ती चिमूट म्हणजे दांड्याच्या टोकावरचा खिळा.

गोफणीच्या एका टोकाचा फास या खिळ्यावर अडकवलेला असतो. खिळा दांड्याच्या सरळ रेषेत असेल तर फास लवकर निसटतो आणि गोळा उंच किंवा मागे जातो. खिळा फेकीच्या दिशेनं पुढे वाकवला तर फास उशिरा निसटतो आणि गोळा खालून जातो. एका वेळी चार-पाच अंशच वाकवा. गोफणीची लांबी सुरुवातीला लांब भुजेएवढी (बोल्टपासून खिळ्यापर्यंतच्या दांड्याएवढी) ठेवा. गोफण आखूड केली तरी सुटका लवकर होते, म्हणून खिळा आणि गोफण एकाच वेळी बदलू नका.

दर फेक वेगळी जात असेल तर खिळ्यावरचा गंज बघा. बारीक पॉलिश पेपरनं घासून मेणबत्ती चोळा. फासासाठी दोरीच्या गाठीऐवजी किल्ल्यांच्या जुडग्याची छोटी रिंग वापरा. गाठ झिजत जाते आणि तिचं घर्षण रोज बदलतं. रिंग दर वेळी तशीच सरकते.

९. दांडा लवचिक आहे

हे सगळं करूनही व्हिडिओत दांडा धनुष्यासारखा वाकलेला दिसत असेल, तर वाटीचा कोन आणि बोल्टजवळचा कोन वेगळे आहेत. पुठ्ठ्यावर वाचायचा तो वाटीजवळचा. इलाज म्हणजे जास्त ताठ दांडा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सरळ रेषांचं, गाठी नसलेलं लाकूड निवडून घ्या. दांडा बदलला की पायरी ३ पासून पुन्हा सुरुवात करावी लागते, म्हणून हे शेवटी ठेवलंय.

इथे थांबा

दांड्याला तडा दिसला की त्या दिवसाचं काम बंद. फेविकॉल आणि टेप लावून पुढची फेक करू नका. तडा गेलेला दांडा स्टॉपरवर मोडला की त्याचा तुकडा तोंडाच्या उंचीवर उडतो.

ताणलेल्या अवस्थेत दांडा धरून ठेवणारा खटका अडकला तर हातानं ठोकू नका. बाजूला उभं राहून आधी दांडा दोरीनं चौकटीला बांधा, मग रबर सोडवा. हे कसं करायचं याची खात्री नसेल तर वर्कशॉपच्या सरांना बोलवा.

गाडीची स्प्रिंग किंवा पाटा वापरलेलं मशीन, वेल्डिंगला चीर गेलेली चौकट, आणि एका हातानं सहज उचलता येत नाही असं वजन लावलेला ट्रेबुशे: ही तिन्ही कामं फॅब्रिकेटरची किंवा कॉलेजच्या वर्कशॉप इन्स्ट्रक्टरची आहेत, विद्यार्थ्यांनी स्वतः उघडायची नाहीत. गोळा किंवा दोरी विजेच्या तारांवर अडकली तर काठीनं काढायला जाऊ नका, महावितरणला कळवा.

आणि एक शेवटचं निदान. पाया पक्का आहे, चेंडू एकच आहे, रबर स्थिर आहे, तरीही सुटण्याचा कोन दर फेकीला पाच अंशांहून जास्त हलतोय, तर चौकट किंवा बोल्टची भोकं एका रेषेत नाहीत. ते घरी जमणार नाही. भोसरी किंवा नऱ्हे-धायरीकडच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये दोन्ही बाजूंची भोकं एकत्र धरून पुन्हा पाडून घ्या आणि बुश बसवून घ्या. जाताना मशीन, बोल्ट आणि स्लो-मोशनचा व्हिडिओ तिन्ही न्या. व्हिडिओ बघितला की कुठलं भोक सरकलंय ते कारागिराच्या लगेच लक्षात येतं.